खाडा कुणाचा?

"सर, तुमच्याकडे आली का हो बाई आज?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की समजावं, शेजारीही भांड्यांचा ढीग तसाच पडलाय. सहकारनगरातल्या आमच्या दोन घरांच्या मधली ही भिंत जेमतेम कमरेइतकी. बांधली ती हद्द दाखवायला, पण इतकी वर्षं तिच्यावरून कढीपत्ता, इडलीपात्र, रविवारच्या पुरवण्या आणि सगळ्या गल्लीच्या बातम्या ये-जा करताहेत. आमच्या दोन्ही घरी कामाला एकच बाई येते, त्यामुळे बातम्यांचा मोठा पुरवठाही तिच्याकडूनच.

"नाही आली. खाडा दिसतोय," मी म्हटलं.

"खाडा कसला? मुलीच्या शाळेत पालकसभा आहे म्हणून काल सांगून गेलीये ती. तुम्ही वर्तमानपत्रात डोकं घालून बसला असाल. सांगून घेतली ती रजा. कॅलेंडरवर खाडा मांडू नका हं."

"कॅलेंडर ही पाहते, वहिनी. ते खातं माझ्याकडे नाही."

"म्हणूनच म्हणते, तिला सांगा."

वहिनी गेल्याच वर्षी भोसरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्या. टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागल्या आणि पगार विभागाच्या प्रमुख म्हणून बाहेर पडल्या. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, बोनस या विषयांवर त्यांच्याशी वाद घालायची हिंमत गल्लीत कुणाची नाही. दूधवाल्यानं महिन्याचं बिल आणलं की आजूबाजूची दोन-तीन घरं तपासायला ते यांच्याकडेच धाडतात. मी बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो, ते आज विचारलं. त्यांच्या काळातल्या पेठेतल्या मुली बँकेत लागत, शाळेत लागत, नाहीतर टेलिफोनमध्ये. यांना भोसरीच्या धुरात जाऊन पंचिंगची कार्डं मोजायची हौस कुठून आली?

"आमच्या बाईंमुळे."

"कोण बाई? शाळेतल्या?"

"शाळेतल्या कसल्या! भांडी घासायला यायच्या त्या."

आणि वहिनींनी कोपर भिंतीवर टेकवलं. कोपर टेकलं की पुढचा अर्धा तास गेला, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. मीही खुर्ची ओढून घेतली.

वहिनींचं माहेर नारायण पेठेतलं, वाड्यातलं. वाड्यात मोप बिऱ्हाडं, प्रत्येकाची मोरी वेगळी, पण बाई बहुतेकांची एकच. त्या करमाळ्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेल्या, पर्वतीच्या बाजूला वस्तीत राहायच्या. ते साल ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आधीची दोन वर्षं पाऊस तुटक पडला होता, बहात्तरात त्यानं पाठच फिरवली. सोलापूर, नगर, बीडकडची गावंच्या गावं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि मुख्य म्हणजे खडी फोडणं. दुपारी सुकडी मिळायची. वि. स. पाग्यांच्या रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला, पण कामाच्या जागी खरं राज्य होतं मुकादमाचं, आणि मुकादमाच्या हातातल्या मस्टरचं.

"बाई सांगायच्या," वहिनी म्हणाल्या, "खडी फोडून हाताला फोड आले त्याचं काही वाटलं नाही. पण आठ दिवस राबून पगाराला उभं राहिलं की मुकादम म्हणायचा, तुझे सहाच दिवस लागलेत. अंगठा कर. वाचता येत नाही, भांडणार कशावर? मग त्यांनी काय केलं, पदराच्या टोकाला रोज एक गाठ मारायला लागल्या. पुढच्या पगाराला मुकादम म्हणाला सहा. बाईंनी पदर पुढे केला. म्हणाल्या, मोज."

"दिले?"

"एका दिवसाचे दिले. एक खाल्लाच. पण तेव्हापासून बाई मुकादमाच्या वहीवर कधी विसंबल्या नाहीत. आणि पुण्यात आमची आजी काय, मुकादमच की!"

वहिनींची आजी म्हणजे कडक बाई. घरातलं कालनिर्णय त्यांच्या ताब्यात. कालनिर्णय निघालं १९७३ मध्ये. जयंतराव साळगावकरांनी त्यात तिथी-वार, सणवार, मुहूर्त असं सगळं घातलं. महाराष्ट्रातल्या बायकांनी उरलेल्या पांढऱ्या जागेत हिशोब घातला. दूध एक लिटर, दूध दीड, सिलिंडर लावला, इस्त्री अकरा कपडे, आणि कोपऱ्यात लहानशी फुली. बाई नाही. पहिल्या तारखेला आजी चष्मा लावून फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे कापून उरलेले बाईंच्या हातावर ठेवायच्या. यात आजींचं काही वावगं होतं असं वाड्यात कुणालाच वाटत नव्हतं, कारण प्रत्येक बिऱ्हाडात हेच चाले.

बाईंचंही कॅलेंडर होतं. मोरीच्या दारामागं, भिंतीवर, कोळशानं काढलेलं. रोज एक उभी रेघ. खाडा झाला तर रेघेऐवजी गोल. पण तिथं आणखी एक खूण असायची, जी आजींच्या कालनिर्णयात नव्हती. रेघेच्या डोक्यावर आडवी काट. श्राद्ध झालं, हळदीकुंकू झालं, मुंबईचे पाहुणे चार दिवस राहिले, की भांडी दुप्पट. त्या दिवशीची रेघ काट मारलेली.

"ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहावीत होते. म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणाल्या, तुला इंग्रजी येतं ना, मग एवढं वाच की."

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

"एका मेमध्ये आम्ही सगळे मामाकडे वाईला गेलो होतो. पाच दिवस. आलो, आणि एक तारखेला आजीनं सात खाडे कापले. बाई म्हणाल्या, माझे दोन. आजी म्हणाली, कालनिर्णयात सात आहेत. झाली सुरुवात. शेवटी बाईंनी मला हाक मारली. पोरी, तू शिकतीस, दोन्हीकडचं मोज आणि सांग. आता मी आजीची नात, कुणाकडून बोलणार? पण मोजलं. खरंच दारामागं दोन गोल होते. बाकीचे पाच दिवस रेघच नव्हती. जागा रिकामी सोडलेली. मी म्हटलं, बाई, या दिवसांत तुम्ही आला नव्हतात. तर म्हणतात, आले होते की. पहिल्या दिवशी आले, कुलूप बघून गेले. घराला कुलूप तुमचं, खाडा माझा कसा?"

एवढं बोलून वहिनी थांबल्या. मी मास्तर माणूस, वर्गात एखाद्यानं बिनतोड उत्तर दिलं की मला आनंद होतो. इथं तर ज्या बाईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही तिनं एका वाक्यात मालक-नोकर संबंधाचा सगळा गाभा उकलून ठेवला होता.

"मग आजी?"

"आजीनं दिले. तोंड वाकडं करून दिले, पण दिले. म्हणाली, ही बाई वकील व्हायची ती चुकून मोरीत आली. आणि त्या दिवसापासून कालनिर्णय आणि दार दोन्ही जुळवायचं काम माझ्याकडे आलं. दर एक तारखेला. आजीचाही माझ्यावर भरवसा, बाईंचाही. माझी पहिली नोकरी तीच, सर. पगार नव्हता एवढंच."

आजींना खलनायिका करायचा मोह मला झाला होता, पण वहिनींनी तो होऊ दिला नाही. त्या म्हणाल्या, आजीचं तरी काय होतं? लग्न झाल्यापासून चूल. तिला आयुष्यात खाडा ठाऊक नव्हता. तरुणपणी महिन्याचे चार दिवस बाहेर बसायची तीच काय ती सुट्टी, आणि तीही शिक्षा म्हणून. दुसरीच्या सुट्टीचे पैसे द्यायचे ही कल्पना तिच्या डोक्यात शिरायची कशी? मला हे पटलं. कामाचा हिशोब ज्या घरात बाईमाणसाच्या बाबतीत कधी झालाच नाही, त्या घरात मोलकरणीनं तो मागावा हे विलक्षणच होतं.

मग आलं १९८० साल. पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. आज सांगितलं तर नव्या पिढीला खरं वाटणार नाही, पण बायकांनी घरोघरची कामं थांबवली, मोर्चे काढले, पगारवाढ मागितली, सुट्टी मागितली, आजारपणाची रजा मागितली. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कारखान्याला फाटक असतं, फाटकावर घोषणा देता येतात. इथं दर दाराला वेगळा मालक, तोही अनेकदा एकटी गृहिणी, आणि कामगार चार घरी चार मालकांची. त्यांनी एकत्र यायचं म्हणजे सोपं नव्हतं.

"तुमच्या बाई गेल्या संपात?"

"गेल्या म्हणजे! आदल्या दिवशी आईला सांगून गेल्या. उद्यापासनं येणार नाही, खाडा धरू नका, संप आहे. वाड्यात नुसता कल्लोळ. सगळ्या मोऱ्यांमध्ये बायका पदर खोचून बसल्या. आई राख लावायची, मी नारळाच्या शेंडीनं घासायचे. पितळेची घंगाळं, पाण्याची पिंपं, दुधाची करपलेली पातेली. आमच्या समोरच्या काकू तर म्हणाल्या, माजल्यात या सगळ्या. आई एरवी कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, काकू, दोन दिवसांत तुमची कंबर धरली, त्या रोज आठ घरी वाकतात."

"आणि आजी?"

"आजी कालनिर्णयासमोर पेन्सिल घेऊन उभी. मला विचारते, संपाला काय खूण करायची गं?"

या वाक्याला मात्र आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो. इतके, की आतून हिनं विचारलं, काय झालं?

संप मिटला. वहिनींच्या घरी ठरलं ते असं : महिन्याला दोन सुट्ट्या बिनकपातीच्या, पाहुण्यांच्या भांड्यांचे वेगळे, आणि घराला कुलूप असेल तर तो दिवस भरला धरायचा. शेवटची अट बाईंनी स्वतः घालून घेतली. संघटनेच्या मागण्यांत ती होती की नाही कोण जाणे, नारायण पेठेतल्या त्या मोरीत मात्र ती मंजूर झाली.

आता माझ्यातला मास्तर गप्प बसेना. मी म्हटलं, वहिनी, थोरामोठ्यांच्या चरित्रात हे फार सापडतं. गांधीजी लहानपणी भुताखेतांना भ्यायचे. पोरबंदरच्या घरातल्या रंभा नावाच्या जुन्या दाईनं सांगितलं, भीती वाटली की रामनाम घे. गांधीजींनी आत्मचरित्रात तिचे आभार मानलेत, आणि हे रामनाम पुढे जन्मभर पुरलं असं लिहिलंय.

"हो का? आणि रंभेला महिन्याला काय द्यायचे?"

"ते काही गांधीजींनी लिहिलेलं नाही."

"तेच तर. दाईनं माया लावली, दाईनं गोष्टी सांगितल्या, दाईनं देवाचं नाव शिकवलं. सगळं लिहितात. हिशोब तेवढा कुणी लिहीत नाही."

मग मी त्यांना ॲना लिबराटा डिसूझाची हकीकत सांगितली. आपल्या विद्यापीठाची गणेशखिंडीतली ती मनोऱ्याची मुख्य इमारत ज्या गव्हर्नरानं बांधायला घेतली, तो सर बार्टल फ्रिअर. १८६५ च्या हिवाळ्यात तो दख्खनच्या दौऱ्यावर निघाला, बरोबर मुलगी मेरी. सगळी छावणी पुरुषांची. मेरीच्या सोबतीला बाईमाणूस एकच, तिची आया ॲना. घराणं मूळचं लिंगायत, पुढे ख्रिस्ती झालेलं, गोव्याशी नातं असलेलं. कंटाळलेल्या मेरीनं तिला गोष्टी सांगायला लावलं. ॲनानं आपल्या आजीकडून ऐकलेल्या राजाराण्यांच्या, राक्षसांच्या, कोल्ह्यांच्या गोष्टी सांगितल्या, मेरीनं लिहून घेतल्या आणि १८६८ मध्ये लंडनला त्यांचं पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज'. भारतातल्या लोककथांचे जे अगदी सुरुवातीचे इंग्रजी संग्रह, त्यांतला हा एक. आणि मला त्यातलं सगळ्यांत आवडतं ते हे, की गोष्टींच्या आधी ॲनाची स्वतःची हकीकत तिच्याच तोंडून छापलीय. आजी कशी होती, वैधव्य आल्यावर नोकरी कशी धरली, पूर्वी किती स्वस्ताई होती आणि आता कशी महागाई झालीय. त्या काळी एखाद्या साहेबाच्या आयेचं बोलणं असं कुणी टिपून ठेवलंय, असं फारसं दिसत नाही.

वहिनी मन लावून ऐकत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, वा सर.

"पुस्तकावर नाव कुणाचं?"

"मेरी फ्रिअरचं."

"म्हणजे रेघ लागली, काट नाही लागली."

मी निरुत्तर. चाळीस वर्षं मराठी शिकवलं, ग्रंथपरीक्षणं लिहिली, पण हे एवढं नेमकं परीक्षण माझ्या हातून झालेलं नाही.

वहिनी बी.कॉम. झाल्या. घरच्यांना वाटत होतं बँकेच्या परीक्षा देईल. यांनी कामगार कायदा आणि कामगार कल्याणाची पदविका केली आणि भोसरीला टाइम ऑफिसात चिकटल्या. सकाळी पावणेसातला मनपावरून बस, सुट्टी गुरुवारी, कारण तिकडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारचीच. आठवडाभर घरच्यांशी गाठ नाही आणि रविवारी सगळे घरी तेव्हा ही कारखान्यात. माहेरचे चिडायचे. त्या मात्र सांगतात की पदविकेच्या वर्गात पहिल्यांदा औद्योगिक विवाद कायदा उघडला आणि ले-ऑफचं कलम वाचलं, तेव्हा त्यांना मोरीचं दार दिसलं. कामगार हजर आहे, पण वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र बंद पडलंय म्हणून मालक काम देऊ शकत नाही, तर कायम कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची.

"मी सरांना वर्गात विचारलं, निम्मी का? कुलूप त्यांचं ना? सर म्हणाले, हे कलम मिळवायलाच किती वर्षं गेली ते आधी वाच."

मग त्या फॅक्टरी ॲक्टवर आल्या. जादा तासाला दुप्पट दर. "ही बाईंची आडवी काट." मग पगार वाटपाचा कायदा. तेव्हा लहान कारखान्यात सात तारखेच्या आत, मोठ्यात दहाच्या. बाईंना दर महिन्याला एक तारखेलाच हवा असायचा, कारण वाण्याची उधारी दोन तारखेला. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या बाई म्हणजे चालता-बोलता कामगार कायदाच. तर त्यांचा चेहरा उतरला.

"आणि गंमत बघा सर. हे सगळे कायदे ज्यांच्याकडून मी आधी शिकले, त्यांना त्यातलं एकही कलम लागू नव्हतं. घर म्हणजे कारखाना नाही. घर म्हणजे दुकानही नाही. त्यामुळे ओव्हरटाइम नाही, ले-ऑफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. माझ्या हाताखालून हजारो माणसांचे पगार गेले, बाईंचा एकही गेला नसता."

कारखान्यातली एक गोष्ट त्यांनी सांगितली ती इथं सांगायला हवी. एकदा दुपारी ट्रान्सफॉर्मर जळला. कायम कामगारांचं जे व्हायचं ते नियमानं झालं. ठेकेदाराची पोरं मात्र घरी पाठवली आणि ठेकेदारानं संध्याकाळी अर्ध्या दिवसाची यादी आणून दिली. वहिनींच्या रजिस्टरात प्रत्येकाची यायची वेळ सकाळी सातची आणि जायच्या वेळेपुढे शेरा, 'कंपनीकडून परत पाठवले'. ठेकेदार म्हणाला, मॅडम, शेरा खोडा. त्यांनी खोडला नाही. प्रकरण वरच्या साहेबांकडे गेलं. साहेबांनी विचारलं, मॅडम, तुम्ही मॅनेजमेंटच्या की युनियनच्या?

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी मस्टरची."

पोरांना पूर्ण दिवस मिळाला. पण ही काही विजयगाथा नाही. पुढच्याच महिन्यात ठेकेदाराची हजेरी टाइम ऑफिसातून काढून त्याच्याच मुकादमाकडे दिली गेली. वहिनींच्या रजिस्टरात ती नावंच येईनाशी झाली. त्यांनी तक्रार केली, तोंडी केली, लेखी केली, काही झालं नाही. बढतीही दोन वर्षं अडकली म्हणतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, पण भिंतीवरचं शेवाळं मात्र त्या नखानं खरवडत होत्या.

"बाईंना कळलं का कधी? तुम्ही हे काम करता ते?"

"तर! पहिला पगार झाला तेव्हा साडी घेऊन गेले ना वस्तीत. तोवर बाईंनी कामं सोडली होती, गुडघे गेले होते. मला वाटलं डोळ्यात पाणी येईल त्यांच्या. साडी बाजूला ठेवली. म्हणाल्या, कागद दाखव. मी पगाराची चिठ्ठी दाखवली. वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवून एकेक आकडा विचारला. हे काय? हा मूळ. हे? महागाई भत्ता. आणि हे खाली? हे कापलेले. का कापले? म्हटलं, प्रॉव्हिडंट फंड. म्हातारपणी मिळतात. तर म्हणाल्या, कुणाच्या वहीत लिहितात ते? तुझ्याकडे आहे का त्याची वही?"

"मग?"

"मग काय, माझ्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन फंडाची पावती मागितली. नव्या मुलीनं पहिल्याच महिन्यात पावती मागितली म्हणून हेडक्लार्क हसले मला. त्या पावत्या सगळ्या जपून ठेवल्यात हं मी. निवृत्तीच्या वेळी कॉम्प्युटरमध्ये दोन वर्षांची वर्गणी दिसत नव्हती. कागद पुढे केले."

हे बोलताना मात्र त्यांचा चेहरा असा खुलला, की फंडाचे पैसे मिळाले त्यापेक्षा ते भांडून मिळाले याचाच त्यांना जास्त आनंद असावा.

माझा मुलगा बाणेरला मोठ्या सोसायटीत राहतो. तिथं गेटवर ॲप आहे. कामवाली आत आली की घरच्या फोनवर घंटी, बाहेर गेली की घंटी. महिन्याच्या शेवटी आपोआप हजेरी तयार. मी मोठ्या कौतुकानं वहिनींना म्हटलं, बघा, आता खाड्यावरून भांडणच नको.

"कुणाच्या फोनवर दिसतं?"

"मालकाच्या."

"तिच्या नाही?"

"तिच्या... नसावं."

"पाहुणे आले तर काट कुठं मारतात त्यात?"

मी म्हटलं, मुलाला विचारतो. सून म्हणते त्या ॲपवर बाईला तारेही देता येतात, पाचपैकी. वहिनी म्हणाल्या, आणि बाईनं घराला द्यायचे? चहा शिळा देतात, लिफ्ट वेगळी वापरायला लावतात, पगार दहा तारखेनंतर करतात, एक तारा. मग बघा किती घरांना बाई मिळते.

एवढ्यात आमची बाईच आली. फाटकातून, पालकसभा उरकून, मुलीला बरोबर घेऊन. आज येणार नव्हती, पण वहिनींनी बोलावलं होतं म्हणाली. काम वेगळंच होतं. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणी केली की काही योजना मिळतात. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांना दहा हजारांचं सन्मानधन त्यातलंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा करार केला, भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही, पण निदान हे मंडळ तरी आहे. ज्या घरी काम करते तिथला दाखला नोंदणीला लागतो. आणि बाई म्हणत होती, चार घरी विचारलं, कुणी सही द्यायला तयार नाही. उद्या काही मागणी निघाली तर, म्हणून घाबरतात.

वहिनींनी अर्ज भिंतीवर पसरला. आपली सही आधीच केलेली होती. दुसरी जागा रिकामी.

"सर, तुमची."

मी चष्मा शोधायच्या निमित्तानं जरा घुटमळलो, खोटं कशाला सांगू. सही म्हटलं की आपला मध्यमवर्गी हात आखडतोच. त्या दाखल्यात बाई कधीपासून कामाला आहे ते लिहायचं होतं, आणि महिन्याचा पगार. तारीख मला आठवेना. मी आत हाक मारली, अगं, बाई आपल्याकडे कधीपासून आहे?

"कोविडच्या आधीपासून!" आतून आवाज.

"नीट साल सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाईची मुलगी आठवीतली. तिनं दप्तरातून एक वही काढली, मागची पानं उघडली आणि बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, २०१८ चा जून. आणि गणपतीचे तुमच्याकडचे अजून राहिलेत."